हार्टरगिलची लाल खूण

हार्टरगिल हे आडनाव अख्ख्या इंग्लंडात शोधा, आमचं खोरं सोडून कुठे सापडायचं नाही. इथेही आता मी एकटीच उरलेय. शहरातले हौशी लोक येऊन विचारतात, "आजी, तुम्ही अस्सल हार्टरगिल का हो?" अस्सल म्हणे! मी काय लोणी आहे? अहो, आधी हे ओढ्याकाठचं शेत हार्टरगिल. इथे जो राबायला आला, त्याला लोक त्याच नावाने हाक मारू लागले. पहिला हार्टरगिलसुद्धा कुठून तरी आलेला उपराच, असं एझरा सांगायचा.

एझरा म्हणजे या शेतावरचा मेंढपाळ, सडाफटिंग आणि तोंडाचा फटकळ. युद्धात लिव्हरपूलवर बॉम्ब पडू लागले, तेव्हा आम्हा पोरांना खेड्यांत पाठवलं. मी त्याच्या वाट्याला आले. "केवढी खाते ही! मेंढी परवडली," असं करवादायचा आणि स्वतःचं मटण माझ्या ताटलीत सरकवायचा.

आई बॉम्बमध्येच गेली. युद्ध संपलं, बाकीची पोरं घरी परतली आणि मला अनाथाश्रमात न्यायला एक सरकारी बाई आल्या. नेमका त्या दिवशी मेंढपाळांचा मेळा होता. परक्या कळपात शिरलेल्या मेंढ्या तिथे आणतात. अंगावर ज्याची खूण, त्याने आपली मेंढी न्यायची. खूण पुसली असेल, तर चारचौघांत हक्क सांगायचा. कुणी हरकत घेतली नाही की मेंढी त्याची.

बाईंनी मेळ्यातच एझराला गाठलं. "हिचे तुम्ही कोण?" त्याने खुणेच्या लाल रंगात बोट बुडवलं आणि माझ्या कोटाच्या खांद्यावर रेघ ओढली.

"ही हार्टरगिलची! कुणाची हरकत असेल तर आत्ताच बोला."

"कोटाचं वाटोळं केलंस की रे, गाढवा!" शेजारचा जॉस ओरडला. सगळे खो खो हसले. हरकत मात्र कुणी घेतली नाही.

"मेंढ्यांचा कायदा माणसांना लागत नाही," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पण वर सांगून बघते." त्यांनी सांगितलं, आणि मी इथेच राहिले. देव त्यांचं भलं करो.

एझराचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. तो कोट अजून दारामागे टांगलाय. उंदरांनी कुरतडलाय, पण खांदा शाबूत आहे. अस्सल का म्हणून विचारणाऱ्यांना मी तोच दाखवते.