साडूभाऊंच्या मनगटावरचे डेन्व्हर

अख्ख्या अकोल्यात वेळ विचारू नये असा एकच माणूस आहे, आणि तो नेमका माझा साडू आहे. साडूभाऊ अकोटला भूगोल शिकवून निवृत्त झाले. डेन्व्हरला नोकरी करणाऱ्या एकुलत्या एका लेकीने त्यांना एक घड्याळ पाठवले आहे. गिर्यारोहकांसाठी काढलेले, पाठीवर हिमशिखर कोरलेले, तबकडीभोवती जगातल्या चोवीस शहरांची नावे. किंमत ते कोणाला सांगत नाहीत, कारण लेकीने त्यांनाही सांगितलेली नाही. स्वतः साडूभाऊ चिखलदऱ्याचा घाट एसटीत डोळे गच्च मिटून चढतात. तरी "हे बर्फातबी बंद पडत नाही, भाऊ," असे ते भर मे महिन्यात सांगतात, तेव्हा ऐकणाऱ्याला जरा गार वाटते.

काटे मात्र त्यांनी लेकीच्या वेळेवर लावून ठेवले आहेत. हिवाळ्यात तिकडे संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा इथे सकाळचे साडेसात झालेले असतात. म्हणजे दिवस-रात्र सोडली तर फरक अर्ध्या तासाचाच, आणि तेवढाच साडूभाऊ विसरतात. शेतावर जायची एसटी त्यांची हमखास चुकते. लग्नालाही ते अर्धा तास उशिराच जातात, पण आमच्याकडच्या लग्नात तरीही तेच पहिले असतात. वेळ विचारली तर आकडा कधीच सांगत नाहीत. मनगट डोळ्यांजवळ नेऊन म्हणतात, "आता थे जेवून राहिली असन." त्यावरून आपण काय समजायचे ते समजावे.

गेल्या जानेवारीत लेक पंधरा दिवसांसाठी आली. साडूभाऊ आठवडाभर गाडीची वेळ घोकत होते, आणि स्टेशनवर पोचले बरोबर अर्धा तास उशिरा. तोवर अमरावतीहून आलेला मी आणि ती पोरगी फलाटावर बॅगेवर बसून होतो.

"बाबा, आता तरी इथचा टाइम लावा न," ती म्हणाली.

त्यांनी काटे फिरवले नाहीत. घड्याळच काढून खिशात टाकले. "तू घरात असल्यावर याले पाहाचं कायले?"

पुढचे पंधरा दिवस हा माणूस सगळीकडे वेळेवर पोचला. मला तर त्यांची काळजीच वाटू लागली होती.

तिला निरोप दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो. घड्याळ पुन्हा मनगटावर आले होते. चहा झाल्यावर मी सवयीने वेळ विचारली. ते बराच वेळ तबकडीकडे पाहत राहिले, एकेका शहरावरून अंगठा फिरवत.

"अजून विमानातच हाय थे," ते म्हणाले. "विमानाचं गाव याच्यावर नाही, भाऊ."

माझी अमरावतीची बस सुटायची वेळ झाली होती. मी आणखी एक चहा मागितला.