श्वाबियाच्या डोंगरातला प्रशिया

कार्ल्सरूहेच्या स्टेशनवर आम्ही पोचलो तेव्हा अजून नीट उजाडलं नव्हतं. आम्ही म्हणजे मी आणि माझ्या घरमालकीण फ्राऊ केलर. साठीच्या, सडपातळ, अंगात काळा कोट. त्यांच्या कापडी पिशवीत पाव, उकडलेली अंडी आणि जुन्या पत्रांची एक जाड फाइल होती.

प्रवास त्या फाइलसाठीच होता. बाईंचा धाकटा भाऊ एमिल शाळामास्तर होता. नाझी राजवटीत सरकारी नोकराला आपलं रक्त 'शुद्ध', म्हणजे ज्यू नसल्याचं, सिद्ध करावं लागे, आणि त्यासाठी आजी-आजोबांपर्यंत सगळ्यांच्या बाप्तिस्म्याचे दाखले द्यावे लागत. एमिलजवळ एक दाखला कमी पडला, आईच्या आईचा, वाल्बुर्गाचा. त्यापायी शाळा गेली. पुढे त्याला साधा शिपाई म्हणून रशियाच्या आघाडीवर धाडलं, आणि तो परतला नाही. वाल्बुर्गाच्या गावाचं नाव तेवढं घरात ठाऊक होतं; त्या नावाच्या गावांना दाखल्यासाठी पत्रं लिहिली होती ती फ्राऊ केलर यांनी. सगळीकडून एकच उत्तर आलं होतं, नोंद नाही. नोंद खरोखरच नव्हती, की आपणच चुकीच्या दारात उभे राहिलो, हे त्यांना युद्ध संपून बारा वर्षं झाली तरी कळलेलं नव्हतं.

मी इथे भूमापन शिकतो. आमच्या वर्गाबाहेर जर्मनी एक होण्यापूर्वीचा रंगीत नकाशा टांगलेला आहे, गोधडीसारखा ठिगळाठिगळांचा. एकदा पाहता पाहता मी थबकलो. दक्षिणेत, बाडेन आणि व्युर्टेमबर्ग या दोन राज्यांच्या मध्ये, एक लांबट निळी पट्टी होती. निळा रंग प्रशियाचा, आणि प्रशिया तर दूर उत्तरेला, बर्लिनकडे. चौकशी केली तेव्हा कळलं की तिथल्या दोन छोट्या राजांनी आपली राज्यं उत्तरेतल्या बलाढ्य भाऊबंदाला देऊन टाकली होती. त्या पट्टीत वाल्बुर्गाच्या गावाच्या नावाचं एक गाव होतं. त्याच नावाच्या बाडेनमधल्या आणि व्युर्टेमबर्गमधल्या गावांनाच पत्रं गेली होती. दक्षिणेतल्या या श्वाबियाच्या डोंगरात प्रशिया कोण शोधणार?

स्वयंपाकघरात जाऊन मी मोठ्या उत्साहाने हे सांगितलं. फ्राऊ केलर यांनी हातातला बटाटा खाली ठेवला आणि एवढंच विचारलं, "गाडी किती वाजता असते?"

श्टुटगार्टला गाडी बदलली, ट्युबिंगनला पुन्हा बदलली. पुढे एका डब्याची छोटी गाडी डोंगर चढू लागली. मार्चचा महिना, सावलीच्या अंगाला बर्फ, उन्हाच्या अंगाला काळी ओली माती. मी चळवळीची पत्रकं वाटत लहानाचा मोठा झालेला माणूस. तिकडे संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसं गोळ्या झेलत होती आणि मी इकडे त्रिकोण मोजत होतो, याची टोचणी असतेच. तेव्हा मी राजेलोकांवर घसरलो. माणसं काय दागिने आहेत, की एकाने दुसऱ्याला आहेरात द्यावीत?

"हेर (श्रीयुत) शिंदे," फ्राऊ केलर म्हणाल्या, "या डब्यात आपण तिघंच आहोत. अंडं खा."

तिसरे म्हणजे समोर बसलेले एक म्हातारे शेतकरी. ते मोठ्याने हसले. कुठे चाललात असं त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, प्रशियात. त्यावर त्यांनी सांगितलं की इथल्या लोकांना शेजारचे अजून 'मुस-प्रॉइसन' (नाइलाजाचे प्रशियन) म्हणून चिडवतात. "माझ्या आजोबांनी घर न सोडता दोन राज्यं पाहिली. मी तीन पाहिली. गोठा तोच आहे, आणि गळतोही तसाच."

आम्ही उतरलो तोवर बस निघून गेली होती. पाच किलोमीटर चिखल तुडवत गेलो. माझ्या बुटांत पाणी शिरलं. बाई एकदाही थांबल्या नाहीत. गावातल्या गास्टहाऊसमध्ये (खाणावळीत) मसुराच्या दाट आमटीबरोबर श्पेत्सले (पिठाच्या जाड शेवया) मिळाल्या. घर सोडल्यापासून पहिल्यांदाच काही ओळखीचं पोटात गेलं. फ्राऊ केलर यांनी चमचा नुसता फिरवला.

गावचे पाद्री पंचाहत्तरीचे, कमरेत वाकलेले. राज्य कुणाचंही असो, जन्म-मृत्यू चर्चच्या वहीत लिहिले जात, आणि ती वही गाव सोडून कधी गेली नव्हती. त्यांनी कातडी बांधणीचा तो ग्रंथ टेबलावर ठेवला. पानांचे खालचे कोपरे बोटांनी काळे पडले होते, आणि समासात जागोजाग तांबड्या पेन्सिलीच्या खुणा. मी त्याबद्दल विचारलं.

"ज्यांचे दाखले लिहून दिले, त्यांच्या खुणा," पाद्री म्हणाले. "त्या वर्षांत फाटकापर्यंत रांग लागायची. प्रार्थनेला एवढी माणसं कधी आली नाहीत."

लॅटिनमधल्या ओळींवरून त्यांचं बोट सावकाश उतरत गेलं आणि थांबलं. वाल्बुर्गा. आईचं नाव, बापाचं नाव, धर्ममाता गावातलीच. शेजारी तांबडी खूण नव्हती. तिच्यासाठी इथवर कुणी आलंच नव्हतं.

पाद्रींनी छापील फॉर्म पुढे ओढला आणि दाखला करून देऊ का म्हणून विचारलं.

"नको," फ्राऊ केलर म्हणाल्या. "ज्यांना हवा होता, त्यांना आता द्यायचा नाही."

परतीच्या गाडीत त्या हातमोजे घालून ताठ बसल्या होत्या. मला राहवलं नाही. मी म्हणालो, चूक तुमच्या पत्रांची नव्हती. वाल्बुर्गा ज्यू असती, तरी एमिलची शाळा जायला नको होती. आजी कोण होती यावरून मास्तर ठरवणारं सरकारच गुन्हेगार होतं.

ट्युबिंगन जवळ आलं तेव्हा त्यांनी हातमोजे काढले. मग म्हणाल्या, "हे आमच्या घरात कुणीच म्हटलं नाही. मी नाही, एमिलनेही नाही. समोरच्या घरातलं ज्यू कुटुंब नेलं, तेव्हा आम्ही पडदा ओढला. आम्ही त्यांच्यातले नाही, एवढंच आम्हाला सिद्ध करायचं होतं."

आपल्याकडे वंशावळ निघाली की माणसं कौतुकाने खुर्च्या पुढे ओढतात. इथे आजीचं नाव शोधायला निघालेल्या बाईला आजी सापडली, आणि त्यासोबत आपण स्वतः त्या काळात कुठे उभ्या होतो तेही सापडलं. मी नकाशावरची पट्टी शोधली याचा सकाळी मला अभिमान होता. आता तो बोलून दाखवावासा वाटेना.

कार्ल्सरूहेला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. घराच्या पायरीवर किल्ली काढता काढता फ्राऊ केलर वळल्या.

"रविवारी एमिलची मुलगी जेवायला येणार आहे. बाप एका कागदापायी गेला असंच मी तिला आजवर सांगत आले. तुम्ही गाडीत जे म्हणालात ते तिच्यासमोर काढू नका, हेर शिंदे. ते मलाच सांगायला हवं."