बॅटरी फार टिकते

खरेदीच्या साइटवर मी आजवर एकच अभिप्राय लिहिला आहे. "वडिलांसाठी घेतला. काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा, चिमट्याने खिशाला अडकतो. बटणं उठावदार आहेत, चष्म्याशिवाय चालवता येतो. आवाज स्वच्छ. बॅटरी फार टिकते. वडील खूश." पाच तारे. अभिप्राय अजून तिथे आहे. त्यातली शेवटची दोन वाक्यं चुकीची होती, हे मला उशिरा कळलं.

वडील तालुक्याच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे आणि आमच्या वस्तीच्या गायन पार्टीत गायचे. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या दिवसांत आसपासच्या गावांतून पार्टीला बोलावणी यायची. पेटी, ढोलकी, मागे साथ धरणारे चौघे, आणि पुढे उजवा तळहात कानावर ठेवून वडील. शिका, असं मला शाळेच्या आधी त्यांच्या गाण्याने सांगितलं. घरातला पहिला पदवीधर मी त्या गाण्यांमुळे झालो, हे मी गावाकडच्या गुणगौरव समारंभात दर वर्षी सांगतो. सांगताना मला खरंच भरून येतं.

आई गेल्यावर त्यांना घाटकोपरला आणलं. सातव्या मजल्यावरचं आमचं घर. सकाळी खिडकीशी खुर्ची टाकून ते गायला लागले. माइकशिवाय मैदानभर पोचणारा तो आवाज, आमच्या हॉलमध्ये मावायचा नाही. आठवड्याच्या आत सोसायटीचे सेक्रेटरी दारात उभे.

"बाबा मस्त गातात हां. पण पोरांच्या परीक्षा आहेत ना. आणि काय आहे, आपली सोसायटी मिक्स आहे. भजन वगैरे असतं तर गोष्ट वेगळी."

दर गुरुवारी त्यांच्या घरी स्पीकर लावून भजन होतं. हे मी बोललो नाही. "सांगतो मी त्यांना," एवढंच म्हणालो. आणि सांगायला लागू नये म्हणून तो प्लेअर मागवला.

वडिलांकडे बटणांचा साधा फोन होता, त्यात गाणी मावत नव्हती. प्लेअरमध्ये मी गायन पार्ट्यांची दोनशे गाणी भरली. एफएम होता, आवाज टेपही करता यायचा. पण वडिलांना आवडली ती एकच गोष्ट. बंद करून पुन्हा लावला की गाणं जिथे थांबलं होतं तिथूनच सुरू व्हायचं.

"म्हंजी हा इसरत न्हाई," ते म्हणाले. "साहेब, तुमच्यापक्षा हुशार निघाला की!" पदवी मिळाल्यापासून ते मला चेष्टेने साहेब म्हणायचे.

पण व्हायचं ते उलटंच झालं. कानात गाणं लागलं की ते सोबत गायचे, आणि स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्याने दुप्पट जोरात. सवयीने तळहात कानावर जायचा, इअरफोन आणखी आत दाबला जायचा. बायको हसून हसून बेजार. "आता काय करतोस? अँप्लिफायरच आणलास तू घरात!"

तिसऱ्या दिवशी सेक्रेटरी पुन्हा आले. या वेळी नुसते दारात उभे राहिले. वडील अंतऱ्यावर होते. मी जाऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी प्लेअर बंद केला आणि एका कानातली वायर काढली.

"आबा, जरा हळू. लोक तक्रार करतात."

"कशापायी? गानं हाय ते."

मग त्यांना दारातला माणूस दिसला. सेक्रेटरींनी हसून नमस्कार केला. वडिलांनीही हात जोडले, आणि वायर पुन्हा कानात घातली. त्यानंतर त्यांच्या तोंडून सूर निघाला नाही.

पुढचे तीन आठवडे ते रोज खिडकीशी बसले. वायरी कानात, हात मांडीवर. जेवायला बोलवायचं तर आम्ही हातवारे करायचो. प्रश्न मिटला, असं मला वाटलं. याच दिवसांत मी तो अभिप्राय लिहिला. पहिल्या दिवशी केलेलं चार्जिंग अजून पुरत होतं, याचं कौतुक वाटलं होतं.

एका संध्याकाळी बायको स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. दार उघडंच होतं.

"आबा गात नाहीत तर घर कसंतरीच वाटतं रे. त्या सेक्रेटरीला तू एवढा का घाबरतोस?"

"आवाजाचं नाही गं," मी म्हणालो. "पण तीच गाणी कशाला? इतकी वर्षं कोणी काही विचारलं नव्हतं. आता सगळ्या बिल्डिंगला कळलं आपण कोण ते."

तिने मेथीची जुडी खाली ठेवली. "हळू बोल. आबा आहेत बाहेर."

"त्यांना कुठे ऐकू येतंय?"

दोन दिवसांनी वडिलांनी पिशवी भरली. मी अडवलं, तिनेही अडवलं. बसमध्ये बसवताना ते म्हणाले, "गावाकडं बरं. तिथं समद्यांना ठाऊकच हाय आपन कोन ते." ओळखीच्या माणसांबद्दल बोलताहेत असं समजून मी मान हलवली.

घरी आलो तर प्लेअर फ्रिजवर होता, वायर नीट गुंडाळलेली. बटण दाबलं. बॅटरीच्या चार रेघांपैकी तीन शिल्लक होत्या. गाणं मधूनच सुरू झालं, अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीपासून. ती ओळ मला ओळखू आली. त्याच ओळीवर मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता.

त्यानंतर तीन आठवडे त्यांच्या कानात काहीच वाजत नव्हतं.

फोन केला. "आबा, प्लेअर इकडेच विसरलात."

"इसरलो न्हाई," ते म्हणाले. "ऱ्हाऊ दे तुला." मग बायकोची चौकशी केली, गावातल्या पाणीटंचाईचं सांगितलं, फोन ठेवला. मला साहेब म्हणाले नाहीत.

मला माफी मागायची होती. पण कशाबद्दल, ते तोंडाने म्हणावं लागलं असतं.

सेक्रेटरी परवा लिफ्टमध्ये भेटले. "बाबा गेले वाटतं गावाला? फार सज्जन माणूस." मी "हो" म्हणालो.

यंदाही गुणगौरव समारंभाचं बोलावणं आलं आहे. प्रमुख पाहुणा म्हणून मला त्या गाण्यांबद्दल बोलायचं आहे. वडील नेहमीप्रमाणे पहिल्या रांगेत असतील, आणि मी बोलेन तो शब्द न् शब्द ऐकतील.