टॉवरला 'व्हय' चालत नाही

माझी मुलगी विमान चालवायला शिकते. आकाशातलं तिला जमतं, अडलं ते बोलण्यापाशी. रेडिओवर बोलायच्या परवान्याची तोंडी परीक्षा असते, तीत ती पहिल्या खेपेला नापास झाली. परीक्षकानं विमानतळावरचा टॉवर, म्हणजे वैमानिकाला सूचना देणारा, होऊन तिला धावपट्टीचा नंबर आणि उंची सांगितली. नियम असा, की मिळालेला प्रत्येक आकडा वैमानिकानं जसाच्या तसा परत म्हणायचा. आमची कन्या म्हणाली, "व्हय सर."

कोल्हापुरात 'व्हय'चे मी मोजून चार अर्थ सांगतो. हो. खरं की काय? ऐकलं, आता पुरे. आणि चौथा, काहीच ऐकलेलं नाही पण तुम्ही बोलत राहा. आमच्या घरात हा चौथाच जास्त चालतो.

दुसरी परीक्षा अकरा दिवसांवर होती. पुन्हा नापास झाली, तर पुढचं सगळं शिक्षण अडणार होतं. मी पुढच्या खोलीत टॉवर झालो, ती आतल्या खोलीतून फोनवर विमान. पुस्तकात असेल तेच वाक्य, एक शब्द इकडचा तिकडे नाही. प्रत्येक 'व्हय'ला वहीत एक रेघ. पहिल्या संध्याकाळी सतरा, चौथ्या संध्याकाळी दोन. मला फार बरं वाटलं.

पाचव्या संध्याकाळी मी तिला धावपट्टी पंचवीसवर उतरायची परवानगी दिली. पलीकडून खणखणीत आवाजात आकडा परत आला. मी म्हणालो, "व्हय."

आत हशा पिकला. "पप्पा, मी शून्य सात बोललो! मुद्दाम! तुम्ही इमान उलट्या टोकानं उतरवलासा की!"

"मारा आता वहीत रेघ," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. "लांब मारा. विमानाएवढी."

मारली.

त्या दिवसापासून टॉवर स्वयंपाकघरात गेला. बायकोला पुस्तकातली वाक्यं येत नव्हती, म्हणून ती सरळ मराठीत बोलायची. आकडे मात्र चिठ्ठीवरून, अचूक. शेजारी मिक्सर चालू. "काय? उंची किती म्हणालीस? अगं, तोंडात घास हाय का?"

मी म्हणालो, ही भाषा नियमात बसत नाही.

"अहो, न्हाय कळलं तर विचारायचं की! तुमच्याम्होरं ती लाजती, म्हणून व्हय व्हय करती."

ते खरं निघालं. मिक्सर घरघरला की मुलगी आता बिनदिक्कत पुस्तकातलंच म्हणायची, "से अगेन." म्हणजे, पुन्हा सांगा.

परीक्षेत परीक्षकानं एक आकडा मुद्दाम तोंडातल्या तोंडात पुटपुटला. मुलीनं मान डोलावली नाही. "से अगेन," म्हणाली, आणि मग ऐकलेला आकडा सुटासुटा करून परत म्हटला.

पास झाली. मी मार्क विचारले. निकालात नुसतं 'पास' लिहिलंय म्हणे. एवढ्या आकड्यांच्या परीक्षेला स्वतःचा एकही आकडा नसावा, हे मला अजून पटलेलं नाही.