पुसलेला फोन

"काय मग, गच्चीवरच्या कुरडया वाळल्या का?"

धाकट्या बहिणीच्या फोनवर तिचा नवरा हसत हसत विचारत होता. महिनाभरापूर्वी ती पाठीवर वळ घेऊन माझ्याकडं पालमला आली होती. मी तिथं शाळेत शिकवते. बदली नवीन, खोलीही नवीन, पत्ता त्याला कुणीच दिलेला नव्हता. वकीलबाईंनी बजावलं होतं की कोर्टाचा आदेश हातात येईपर्यंत त्याच्या नजरेला पडू नका. आम्ही पडलो नव्हतो. आणि हा मेला आमच्या सकाळी घातलेल्या कुरडयांची चौकशी करायलाय.

"कुणाला सांगितलंस?" मी तिच्यावरच खेकसले.

"कुणालाच न्हाई ताई. नुसता फोटू काढला होता. छान दिसायल्या होत्या."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. फोन लग्नात त्यानंच घेऊन दिलेला. आमच्याकडं नव्या सुनेचा फोन नवराच चालू करून देतो, खातं त्याचं, पासवर्ड त्याचा, आणि वर बायका कौतुक करतात की बघा, किती काळजी. म्हणजे ती काढील तो फोटो, कुठं काढला त्या ठिकाणासकट, थेट त्याच्या हातात जात होता. महिनाभर ती कडी लावून बसली होती आणि तो तिच्या उशाशीच होता. मी फोन बंद केला आणि खिडक्या लावून घेतल्या, बाहेर मे महिन्याचं ऊन असताना.

आता थोडं माझ्याबद्दल. शाळेत मला "फुकट ते पौष्टिक बाई" म्हणतात. लॅबमधले जुने कॉम्प्युटर माना टाकून बसले तेव्हा मी त्यांवर लिनक्स ही फुकटची सिस्टीम घातली आणि ते चालू लागले. मग मला नादच लागला. ज्याचा कोड कुणालाही उघडून वाचता येतो, जे आपली खबर कुठल्या कंपनीला देत नाही, तेच वापरायचं. माझ्या फोनमध्येसुद्धा कंपनीचं खातं नाही. स्टाफरूममध्ये चिडवायचे, "बाई, तुमच्याकडं लपवायसारखं हाय तरी काय?" मी म्हणायचे, "मग तुमी न्हाणीचं दार कशाला लावता?" हसणं व्हायचं आणि विषय संपायचा. आता मात्र माझ्याकडं लपवायला माणूस होतं.

मी तिचा फोन लॅपटॉपला जोडला. सगळं पुसून, कुणाचंच खातं न मागणारी मोकळी सिस्टीम त्यात भरायची होती. माझ्या फोनमध्ये भरताना मी बिनघोर चहा पीत बसले होते. तिच्या वेळी चहा तसाच निवला. अर्ध्यात अडकलं तर फोन कायमचा मरतो, माझ्या लॅपटॉपची बॅटरी टिकत नाही, आणि पालमची लाइट म्हणजे रुसका पाहुणा, कधी उठून जाईल नेम नाही. धाकटी पंख्याकडं टक लावून बसलेली, पंखा फिरतोय म्हणजे लाइट आहे. फोनचा पडदा बराच वेळ काळा राहिला. मग फोन कोरा होऊन उघडला तेव्हा ती रडायलाच लागली. लग्नाचे फोटोही गेले होते. मी म्हटलं, बरं झालं.

माझ्या नावावरचं नवीन सिम घातलं. निरोपांसाठी माझ्याकडचंच मोकळं ॲप दिलं, त्यात मी आणि आई, एवढ्याच दोघी. ठिकाण दाखवणारी प्रत्येक गोष्ट मी माझ्या हातानं बंद केली. दुसऱ्या दिवशी पालम सोडलं. सुट्ट्या होत्या, म्हणून पोखर्णीला देवळामागं खोली घेतली. नरसिंहाच्या दर्शनाला रोज परकी माणसं येतात, दोन बाया कुणाच्या डोळ्यांवर येत नाहीत. वालूरला, माहेरी, आईला या गावाचं नाव सांगितलं नाही. नंबर तेवढा दिला. आता आईला नंबरही द्यायचा नाही म्हणजे काय?

फोन गप्प झाला. त्या गप्पपणाचीही भीती वाटायची. गल्लीत मोटरसायकल थांबली की धाकटी भांडी घासायची थांबायची, मोटरसायकल गेली की परत घासायची.

आणि धोंड्याचा महिना लागला. अधिक महिन्याला आमच्याकडं धोंड्याचा महिना म्हणतात. तीन वर्षांनी येतो, लेक-जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, ओटी भरायची, वाण द्यायचं. लग्नानंतरचा पहिला धोंडा तर चुकवायचाच नसतो. मला हे सगळं माहीत होतं आणि तरी आई काय करील ते माझ्या लक्षात आलं नाही.

एक दिवस मी वकीलबाईंकडं परभणीला गेले होते. परत आले तर दाराला कुलूप आणि फोनवर धाकटीचा निरोप: "आईनं धोंडे केलेत. खाऊन लगेच येते. रागवू नको."

मी आईला फोन लावला. "आई, ती तिकडं यायलीय का?"

"येईल की आता. तू बी यायचं होतंस." मग आईनं आवाज खाली घेतला. "जावईबापू आलेत. दोघांना शेजारी शेजारी बसवते, ओटी भरते. मिटल सगळं."

"आई, तुला वळ दाखवलेत तिनं."

"दाखवलेत की. म्हणून तर. पहिला धोंडा हाय, जावयानं तोंडानं मागितला. न्हाई कसं म्हणू?"

मी फोन ठेवला. धाकटीला लावला, संपर्क क्षेत्राबाहेर. निरोप टाकला: "वालूरला जाऊ नको. तो तिथं बसलाय. असशील तिथं उतर." एकच टिक आली. म्हणजे निरोप निघाला, पोचला नाही.

ती कुठं होती? परभणीच्या स्टँडवर, वालूरच्या गाडीत, का आईच्या दारात? फोनमधला नकाशा उघडला. रस्ता दिसला, गावं दिसली, ती दिसत नव्हती. जगात कुणालाच दिसू नये म्हणून मीच बंदोबस्त केला होता, आणि तो लय पक्का झाला होता. त्या घडीला मला वाटलं, लोकांसारखं राहिले असते तर निदान एक निळा ठिपका तरी दिसला असता. मग आठवलं, तो ठिपका त्यालाही दिसला असता. देवळाच्या कळसाकडं बघून मी नरसिंहाला शिव्या दिल्या, आणि लगेच हात जोडले.

बऱ्याच वेळानं दुसरी टिक आली. मग उत्तर.

"उतरले. परत येते. कुठं हाय ते लिहीत न्हाई."

दिवेलागणीला ती आली. चपला हातात होत्या. तांब्याभर पाणी प्याली आणि भिंतीला टेकून बसली. बोलावताना आई तिला फोनवर फक्त एवढंच म्हणाली होती, "तुझ्यासाठी ताट वाढून ठेवते." जावयाचं नावही काढलं नव्हतं. धाकटीनं ते मला सांगितलं आणि फोन माझ्यापुढं धरला.

"ताई, आईपासून वाचायला ह्यात काय टाकायचं?"

तेवढ्यात तिच्या हातातच फोन वाजला. पडद्यावर "आई". आई एकटीच होती, का शेजारी पाटावर तो बसला होता, ते आम्हाला कसं कळणार? धाकटीनं माझं मनगट घट्ट धरलं. फोन वाजून थांबला, परत वाजायला लागला, आणि आईचा फोन उचलायला आम्ही दोघी लेकी भ्यायलो होतो.