मगदूम सरांची पहाटफेरी

दिवाळीची सुट्टी संपली की मगदूम सरांची पहाटफेरी सुरू होई. गणिताचे हे शिक्षक डोक्याला मफलर गुंडाळून, सायकलवरून दहावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरापुढे येत, घंटी वाजवत आणि खिडकीत दिवा लागेपर्यंत तिथून हलत नसत. दिवा लागला की पुढचे घर. नव्वदच्या दशकात कोल्हापुरातल्या आमच्या शाळेत बोर्डाच्या निकालाची तयारी अशी रस्त्यावरून चाले, आणि पालकांना तिचा अभिमान वाटे.

दिवा लावून पुन्हा पांघरुणात शिरणारे आमच्यात पुष्कळ होते. माझ्या शेजारच्या रावसाहेबचे वडील तर मुलाच्या वतीने स्वतःच ओरडत, “उठलाय की सर, तोंड धुतोय!”

“पावणं, तोंड त्याचं आन् आवाज तुमचा व्हय? मग परीक्षेला बी तुमीच बसा!” सर रस्त्यावरून म्हणत, आणि अख्खी गल्ली अंथरुणात हसे.

वर्गात त्यांचा एक आग्रह असे. फळ्याच्या उजव्या कडेला उभी रेघ ओढून ते तिथे कच्चे काम करत आणि आमच्याकडूनही ते मागत. “उत्तर काय, शेजाऱ्याचं बघून बी बरोबर येतंय. कच्चं काम दाव मला.” नुसते बरोबर उत्तर लिहिणाऱ्याला ते गुण देत नसत.

सर मूळचे कोडोलीचे, जैन घरातले. दिवस मावळायच्या आत त्यांचे जेवण होई, आणि दिवेलागणीनंतर थोड्याच वेळात ते झोपत. पहाटे उठणे त्यांना जड जात नव्हते, म्हणून ते कुणालाच जड जात नसावे असे त्यांनी धरले होते. आमच्या घरी जेवणे किती वाजता होतात, हे त्यांनी कधी विचारले नाही.

वैशाली दुसऱ्या बाकावर बसे. तिला वडील नव्हते. आई एका खानावळीत भाकऱ्या थापायला जाई आणि शेवटची पंगत उठल्यावर घरी येई. स्वयंपाक, धुणे, पाणी आणि धाकटा भाऊ हे सारे वैशालीकडे असे. तिच्या खिडकीत मात्र सर गल्लीच्या तोंडाशी येण्याआधीच दिवा जळत असे. “तिथं मला घंटीला हात लावाय लागत न्हाय,” सर वर्गात सांगत. “दिवा असावा तर असा.” वैशाली मान खाली घालून पेनाचे टोपण चावत राही. पूर्वपरीक्षेच्या दिवसांत प्रार्थनेला उभी असताना ती शेजारणीच्या खांद्यावर कलंडली. आम्ही हसलो. सर म्हणाले, “अभ्यासानं वाळली पोरगी. बघा जरा तिच्याकडं.” ते कौतुकाने म्हणाले होते.

फेब्रुवारीत एका सकाळी जादा तासाला सायकलवरून येताना ती उसाच्या ट्रॉलीखाली गेली. रस्ता सरळ होता, चांगले उजाडले होते. ट्रॅक्टरचा चालक पुनःपुन्हा एवढेच सांगत होता की सायकल आपसूक वळत आली, पोरीने मान वर केलीच नाही.

रक्षाविसर्जन झाल्यावर सर आम्हा काही मुलांना घेऊन तिच्या घरी गेले. तिच्या आईने चटई टाकली, पाणी दिले. मग ती म्हणाली, “सर, एक दिस बी तुमची घंटी चुकवली न्हाय तिनं.”

“लवकर उठायची,” सर म्हणाले.

“उठायची कुठली? झोपायचीच न्हाय की. म्हणायची, आई, मी झोपलो तर जाग यायची न्हाय, सर दारात उभं ऱ्हातील. दिवा लावून भिताडाला टेकून बसायची. पुस्तक मांडीवर, आन् नजर रस्त्याकडं.”

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. आपल्या मुलीची शिस्त ती तिच्या शिक्षकांना सांगत होती.

परतताना सर सायकल हातात धरून चालत होते. वाटेत एकदाच थांबले. “मी नुस्तं उत्तर बघितलं,” ते म्हणाले. “कच्चं काम बघितलंच न्हाय.”

दुसऱ्या दिवशी त्यांच्या सायकलला घंटी नव्हती. त्या दिवसापासून हजेरीला ‘हजर’ म्हणणे बंद झाले. नाव पुकारले की ‘झोपलो’ किंवा ‘न्हाय झोपलो’ एवढेच सांगायचे. ज्याची झोप झाली नसेल त्याला सर शेवटच्या बाकावर पाठवत, आपला मफलर उशाला देत आणि हळू आवाजात शिकवत. संध्याकाळी ते घरोघरी जात आणि आयांना विचारत, घरचे काम कोण करते, पोर कधी जेवते, कधी आडवी होते.

“मगदूम, ही शाळा आहे की धर्मशाळा?” मुख्याध्यापकांनी आमच्यादेखत विचारले.

“जित्या पोरांची शाळा हाय, साहेब,” सर म्हणाले.

निकाल थोडा घसरला आणि दहावीचा वर्ग त्यांच्याकडून काढून घेण्यात आला. त्यांना पाचवी मिळाली. दोन हजार सालानंतर मी त्याच शाळेत शिक्षक म्हणून लागलो, तेव्हा पाचवीच्या वर्गातून तीच हजेरी ऐकू येई. एकदा एका चुणचुणीत मुलीने उभे राहून विचारले, “आन् सर, तुमी झोपला काय?” वर्ग खिदळला.

“माझं नाव हजेरीत न्हाय, बाळ. बस खाली,” सर म्हणाले.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी ते गेल्याचा निरोप आला. मी पोचलो तेव्हा काकू, त्यांच्या पत्नी, उंबऱ्याशी बसल्या होत्या. दाराशी एक लाकडी स्टूल होते. काकूंनी ते दाखवले.

“इथं बसायचं. फेरी बंद केली तवापासनं रोज. त्याच वक्ताला जाग यायची, मग हितं येऊन अंधारात बसायचं. दिवा लावू द्यायचं न्हाईत. आज उजाडलं तरी उठलं न्हाईत.” त्यांनी पदर तोंडाला लावला. “मी बी उठवलं न्हाय. म्हटलं, लागलीया झोप, तर झोपू दे.”