मुजावर सरांचं लाल प्लवक

मुजावर सरांचा नववीचा पहिला तास दोन चित्रांनी सुरू व्हायचा. डावीकडे घनदाट पावसाळी जंगलातलं सिंहपुच्छ माकड, काळ्या तोंडाभोवती करडी आयाळ. उजवीकडे कोपेपॉड नावाचं समुद्रातलं प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारा बारीक जीव, प्रत्यक्षात तिळाहून लहान, चित्रात मात्र वीतभर आणि लालभडक. दोन्ही सरांनीच रंगवलेली.

"फरक नगो. फरक कुणालाबी दिसतो. सारखं काय हाय ते सांगा की!"

"सर, माकड आमच्या चुलत्यागत दिसतंय!"

"आन् प्लवक तुझ्या मार्कांगत. भिंग लावल्याबिगर दिसायचं न्हाय."

हशा ओसरला की ते सांगायचे, माकडीण पिलू पोटाशी धरून फांद्यांवरून फिरते, तशी प्लवकाची मादी अंड्यांच्या पिशव्या अंगाला लावून पोहते.

शाहूपुरीतल्या आमच्या शाळेत मी त्यांच्यासोबत बारा वर्षं विज्ञान शिकवलं. त्यांच्या निवृत्तीच्या वर्षी मी मालवणला गेले होते. तिथलं समुद्राचं पाणी तलम कापडातून गाळून, त्यातले जीव बाटलीत घालून आणले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. प्लवक पारदर्शक होतं. आमच्या प्रयोगशाळेतली प्लवकाची जुनी स्लाइड नीट दिसावी म्हणून लाल रंगवलेली होती. सरांनी तोच त्याचा रंग धरला होता. मी बाटली कपाटात ठेवायला निघाले, तोच सर आले.

"बाई, काय लपवताय?"

त्यांनी बराच वेळ डोळा लावून पाहिलं. मी स्लाइडचं सांगितलं.

"म्हंजे तीस वर्षं मी रंगाऱ्याचं काम शिकवलं व्हय!" हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"मुलांना सांगायलाच हवं असं नाही, सर."

"का वो? चूक माझी, आन् भोगायची पोरांनी?"

पुढच्याच तासाला त्यांनी सूक्ष्मदर्शक वर्गात नेला. प्रत्येकाला ते जिवंत प्लवक दाखवलं आणि वह्यांत लिहायला लावलं, 'सर चुकले.' खाली स्वतः सही केली. पुढे बाजारात, स्टँडवर जुना विद्यार्थी भेटला की आधी हेच. "प्लवक लाल काढलंतंस न्हवं? खोडून टाक."

गेल्या महिन्यात, सर गेले त्याच्या आदल्या दिवशी, मी दवाखान्यात भेटायला गेले, तर त्यांना सलाईन लावणारी नर्स आमचीच विद्यार्थिनी निघाली. धाप लागलेली असतानाही सरांनी तिला तेच सांगितलं. तिनं औषधाच्या चिठ्ठीमागं पेनानं नुसत्या रेघांचं प्लवक काढून दाखवलं. सरांनी ते निरखलं, मान डोलावली आणि समाधानानं माझ्याकडे वळले.

"बाई, अजून लई जण राहिल्यात. आता तुमी सांगा."